वाढीची वर्षं

सुमेधाताई नव्या माणसाकडं आधी कडेनं बघायची. नमस्कार वगैरे नंतर. पहिल्यांदा एक पाऊल बाजूला सरकून कपाळ, नाक, ओठ, हनुवटी अशी एक रेघ नजरेनं ओढायची. समोरच्याला वाटायचं, बाई आपल्या मागं कुणाला तरी शोधतेय. टी.व्ही. सेंटरजवळच्या एका इमारतीत आम्ही दोघींनी मिळून दवाखान्यासाठी जागा बघितली, त्या दिवशी तिनं मलाही असंच बघून घेतलं आणि म्हणाली, "तुझं बरंय शुभा. हनुवटी जागेवर आहे." आमची खरी ओळख झाली ती अशी.

मी साधी दातांची डॉक्टर. कीड काढायची, दात भरायचा, नाहीच वाचला तर उपटायचा. सुमेधाताई, म्हणजे डॉ. सुमेधा निकाळजे, वेड्यावाकड्या दातांची डॉक्टर. पण असं म्हटलेलं तिला खपायचं नाही. "दात काय, तारा लावल्या की सरकतात," ती म्हणायची. "मी लेकरांचे जबडे वाढवते."

ते खरंही होतं. तिच्याकडं येणाऱ्या बहुतेक आयांची तक्रार एकच असायची, पोरीचे वरचे दात पुढं आलेत. ताई पोरीला कडेनं बघायची आणि सांगायची, "दात पुढं नाही आलेले, खालचा जबडा मागं राहिलाय. वरच्याला उगीच नावं ठेवू नका." मग ती टेबलाच्या खणातून अंगाच्या साबणाच्या दोन वड्या काढायची. दोन्ही तिनं सुरीनं तिरप्या कापलेल्या. एक वडी खाली धरायची, दुसरी वरून दाबायची. उतारावरून खालची वडी आपोआप पुढं सरकायची. "हे बघा. असे दोन ठोकळे करून देते मी, एक वरच्या दातांवर बसतो, एक खालच्या. तोंड मिटलं की खालचा जबडा पुढंच यावा लागतो, मागं जायला वाटच नाही. दिवसभर, रात्री, जेवतानासुद्धा. स्नायूंना तीच सवय लागते आणि कानापाशी जबड्याचा सांधा असतो तिथलं हाड हळूहळू भरत येतं." एखादा शिकलेला बाप विचारायचा, की हाड खरंच किती वाढतं? ताई लपवायची नाही. "त्याच्यावर आमच्यातच भांडणं आहेत. काही हाड वाढतं, काही दात सरकतात. पण चेहरा बदलतो, हे मी रोज बघते. एकच अट आहे. लेकरू वाढत असलं पाहिजे. ती वर्षं गेली की ठोकळे म्हणजे नुसतं प्लास्टिक."

वाढ चालू आहे की नाही हे बघायला मानेचा एक्स-रे असायचाच. पण तिचा पहिला प्रश्न एक्स-रेच्या आधी यायचा. "गेल्या वर्षीचा युनिफॉर्म आखूड झाला का?" आई जर वैतागून म्हणाली, "व्हय ना मॅडम, दोनदा खालची मुडप सोडली," तर ताईचा चेहरा उजळायचा. "चला, मग आजच माप घेऊ."

तिची स्वतःची हनुवटी मागं होती. ओठ मिटायला तिला जोर लावावा लागायचा. ती मूळची लासूर स्टेशनची. वडील रेल्वेत खलाशी होते आणि घरात कुणी अभ्यास सोडून उठलं तर त्यांचा आवाज चढायचा. शाळेत पोरं तिला चिमणी म्हणायची. "लासूरला तेव्हा दातांचा माणूस म्हणजे बाजाराच्या दिवशी येऊन दाढ काढणारा," ती सांगायची. "मी शिकले, या विषयात आले, आणि एक दिवस पुस्तक उघडलं तर पानावर माझाच चेहरा. खाली लिहिलेलं, असं मूल दहा-बारा वर्षांचं असताना आणावं. मी तेवीस वर्षांची घोडी." मग ती हसायची आणि हसताना बोटं ओठांवर ठेवायची. ती सवय काही गेली नाही. ऑपरेशन करून घे, असं तिला तिचेच मित्र म्हणायचे. "राहू दे. लेकरांना दाखवायला बरा पडतो," असं ती आपल्याच जबड्याबद्दल बोलायची.

ठोकळे नवे नवे घातले की बोलणं बोबडं होतं, लाळ गळते. मुलं लाजून गप्प बसतात आणि मग हळूच काढून दप्तरात टाकतात. ताईनं त्याच्यावर उपाय काढला होता. प्रत्येक मुलाला बाहेरच्या बाकावर बसवून मोठ्यानं पेपर वाचायला लावायची. ती दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडी धरणाचा साठा तळाला गेला होता. कोणत्या भागाला कधी पाणी सुटणार, हे पेपरात छापून यायचं आणि मुलं तेच वाचायची. सिडको, हडको, मुकुंदवाडी, चिकलठाणा, सगळं बोबड्या आवाजात. माझ्या खुर्चीवरचा पेशंट तोंड उघडं ठेवून ऐकायचा आणि हातानं खुणावायचा, थांबा डॉक्टर, आमच्या भागाचं वाचतोय तो.

अल्ताफ नावाचा एक मुलगा होता. तोंड कायम उघडं. त्याला त्याची दादी घेऊन यायची आणि येताना भांडायच्या तयारीनंच यायची. "डॉक्टरनी बाई, हमारे में सबके मुँह ऐसेइच रहते. इसके बाप का देखो. इसके दादा का तो फोटू लाके दिखाऊँ. कायकू बच्चे कू तकलीफ देते?"

ताईनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "दादी, दादा का इलाज अब मेरे हाथ में नै है. इसका है."

दादी आधी रागावली, मग फसकन हसली आणि पोरगा ताईच्या ताब्यात आला. पण ताईनं त्याचं माप घेतलं नाही. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं पाठवलं. नाकामागची गाठ वाढलेली निघाली. तो महिनाभर फेऱ्या मारत होता आणि दादी पुन्हा चिडली होती. "नाकानं श्वास घेता येत नसेल तर ते तोंड उघडं टाकणारच," ताई मला म्हणाली. "आणि उघड्या तोंडात माझे ठोकळे काय करणार? आधी त्याला मिटून झोपता तर येऊ दे." गाठ काढल्यावर दादी स्वतःहून सांगायला आली, "रात कू घर में कित्ती शांती हो गई!" पोराचं घोरणं बंद झालं होतं. जबड्याचं काम त्यानंतर सुरू झालं.

कोमल बजाजनगरची. बाप वाळूजच्या कंपनीत, आई घरी शिलाई करायची. कोमलला ठोकळे बसवून आठवडा झाला असेल, तर तिची आई दवाखान्यात आली ती रडवेली. टँकर आल्यावर कोमल घागरीनं ड्रम भरत होती. मैत्रिणीशी बोलायला म्हणून ठोकळे काढून हातात धरले आणि खालचा सुटून थेट ड्रमात. ड्रम काठोकाठ भरलेला, आणि ते पाणी आठवडाभर पुरवायचं.

"मग ओतलं पाणी?" मी विचारलं.

"ओतीन कशी मॅडम? शेजारणींच्या झाडून साऱ्या बादल्या, घागरी, पातेली मागून आणली. एक एक तांब्या काढून भरलं. तळाला गावला." पदराच्या गाठीतून तिनं ठोकळा काढला. "पन तोवर पोरीच्या तोंडात दिवसभर काय नव्हतं. काय बिघडलं का?"

ताईनं तो ठोकळा दिव्याखाली फिरवून बघितला आणि त्या बाईकडं बघतच राहिली. नंतर चहा पिताना मला म्हणाली, "शुभा, आपण सांगतो ते इतकं कुणी मनावर घेतं का गं?"

याच सुमारास तिची मुलगी यशोधरा, यशू, वाढीला लागली. यशूची हनुवटी अगदी आईवर गेली होती. ताईनं त्या दिवसाची वाट किती बघितली असेल! पोरगी पाळण्यात असल्यापासून ती तिला कडेनंच बघत होती, असं तिचा नवरा मिलिंद चिडवायचा. घाई करून चालत नाही आणि उशीर करूनही चालत नाही, हे तीच सगळ्यांना सांगायची, आणि स्वतः मात्र दर रविवारी दाराच्या चौकटीला पोरीला उभी करून पेन्सिलीनं खूण करायची. एक दिवस ती दवाखान्यात शिरली तीच ओरडत, "आखूड झाला! यशूचा युनिफॉर्म आखूड झाला!"

यशूचे ठोकळे तिनं स्वतः घासले, स्वतः पॉलिश केले. इतरांचे गुलाबी असायचे, यशूनं निळे मागितले होते. कोमलचे आणि यशूचे महिने बरोबरीनं चालले होते. शाळा सुटली की यशू दवाखान्यात यायची. कोमलची तारीख असली की दोघी बाकावर बसून बोबडं बोलत राहायच्या आणि आरशात एकमेकींच्या हनुवट्या मोजायच्या. "माझी जास्त आली." "हॅट, माझी." ताई आतून ओरडायची, "बोलू नका, वाचा!" मग दोघी मिळून पाण्याचं वेळापत्रक वाचायच्या आणि मध्येच खिदळायच्या.

पाच-सहा महिन्यांत यशूचा चेहरा बदलू लागला. मी रोज बघणारी, तरी एकदा ती दारातून आत येताना मला क्षणभर ओळखूच आली नाही. ओठ मिटलेले, हनुवटी पुढं. मी ताईला तसं म्हटलं. ती हातमोजे काढत होती. ती हसली, आणि पहिल्यांदाच बोटं ओठांकडं गेली नाहीत.

यशूला ताप आला तो शनिवारी. सोमवारी रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. त्या वर्षी घरोघर तेच होतं. नळाला पाणी कधीतरी यायचं म्हणून लोक मिळेल त्यात साठवायचे, आणि साठवलेल्या पाण्यात डास. शहर भराभर वाढत होतं, नव्या इमारतींच्या खड्ड्यांत आणि हौदांत पाणी उभं होतं. डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं, पाणी पाजा, लक्ष ठेवा. ताईनं दवाखाना बंद ठेवला. चौथ्या दिवशी ताप उतरला. तिचा मला फोन आला, आवाज मोकळा. "उतरला गं. आणि उठल्याबरोबर काय मागितलं असेल? ठोकळे! म्हणते, चार दिवस नाही घातले, कोमल पुढं जाईल."

डेंग्यूत ताप उतरल्यावरच जपायचं असतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. ताई डोळ्यांत तेल घालून बसली होती. पण संध्याकाळी यशूचे हातपाय गार पडायला लागले आणि पोटात दुखतंय म्हणाली. जालना रोडवरच्या मोठ्या हॉस्पिटलात नेईपर्यंत रक्तदाबाचं यंत्र नीट आकडाच दाखवेना. मी पोचले तेव्हा मिलिंद बाहेर भिंतीला टेकून उभा होता. आत घशात श्वासाची नळी घालायची तयारी चालली होती. सिस्टर म्हणाली, "तोंडात काहीतरी आहे. काय आहे हे? काढा कुणीतरी."

ताई पुढं झाली. मी काचेतून बघत होते. तिनं डाव्या हातानं यशूचा गाल धरला, अंगठा वरच्या ठोकळ्याच्या कडेला लावला आणि तो सोडवला. मग खालचा. रोज दवाखान्यात करायची तसंच, त्याच हातानं, अजिबात न दुखवता. दोन्ही मुठीत घेतले आणि बाजूला झाली.

सकाळ होता होता यशू गेली.

त्या दिवसाचं मी काही सांगत नाही. दुसऱ्या दिवशीचं सांगते. आम्ही बायका ताईच्या घरी बसलो होतो. ताई उठली आणि गच्चीवर गेली. मी मागं गेले. गच्चीवर सगळ्या बिऱ्हाडांचे ड्रम ठेवलेले असायचे, तीन ड्रम तिचे. तिनं पहिल्या ड्रमाचं झाकण काढलं, वाकून आत बघितलं आणि खांदा लावून तो आडवा केला. पाणी गच्चीभर पसरलं. मग दुसरा. पाणी पन्हाळीतून खाली धो धो कोसळायला लागलं, तशा खालच्या बायका ओरडत वर आल्या. "अहो काय करता, पाणी आहे ते! डोकं फिरलं का?" वर येऊन त्यांनी कोण आहे ते बघितलं आणि जिथल्या तिथं उभ्या राहिल्या. तिसरा ड्रम तिला हलेना. ती खांद्यानं ढकलत होती आणि तो जागचा हलत नव्हता. तेव्हा मघाशी सगळ्यात मोठ्यानं ओरडलेली बाई पुढं आली आणि तिनं दुसऱ्या बाजूनं हात लावला. ड्रम पडला.

"मीच भरून ठेवलं होतं," ताई म्हणाली. "झाकण नीट बसत नव्हतं. मला दिसत होतं."

खाली वॉचमनची बायको पन्हाळीखाली बादली धरून उभी होती. तिला काय झालंय ते ठाऊक नव्हतं.

ताई दोन महिन्यांनी दवाखान्यात परतली. पण मुलांना घेईना. बाहेरची पाटी तिनं बदलून घेतली. मोठ्या माणसांच्या तारा बांधायची, लग्न ठरलेल्या मुलींचे दात ओळीत आणायची. अकरा-बारा वर्षांची पोरगी दारात दिसली की ती आतल्या खोलीत निघून जायची आणि मला सांगावं लागायचं, मॅडम आता हे काम करत नाहीत, दुसरीकडं दाखवा. शहरात दुसरे चांगले डॉक्टर होते. लोक जायचे.

कोमलची आई गेली नाही. बजाजनगरहून रिक्षा बदलत ती यायची, बाकावर बसायची, मी तिला समजावून परत पाठवायची. पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. एकदा ती उठेचना. दुपार झाली, पेशंट संपले. ताई जेवायला म्हणून बाहेर आली तेव्हा कोमलची आई वाटेत उभी राहिली.

"मॅडम, तुमच्या दुःखापुढं मी तोंड उघडू नये. मला कळतंय. पन पोरीचं तोंड अर्ध्यावर सोडता व्हय?"

"मी पत्र लिहून देते. दुसऱ्या डॉक्टरकडं जा."

"गेले होते. ते म्हनले, आम्ही पहिल्यापासनं करू. पोरगी म्हनती, मला निकाळजे मॅडमचंच पायजे. ती अजून तेच घालती. ठोकळ्याची तार तुटली तर दोऱ्यानं बांधून घालती."

ताई थांबली. "दोऱ्यानं?"

"व्हय. शिलाईचा दोरा. मीच देते बांधून."

"दोऱ्यानं बांधून रात्री तोंडात घालते?" ताईचा आवाज इतका चढला की मी खोलीतून बाहेर आले. "गिळला असता म्हणजे? घशात गेला असता झोपेत! तुम्हाला अक्कल आहे का? कुणी सांगितलं होतं तुम्हाला असं करायला? कुठंय ती पोरगी?"

"शाळंत."

"घेऊन या. आत्ता. शाळेतून उठवून घेऊन या."

कोमलची आई पदर सावरत जिना उतरून पळाली. ताई तिथंच बाकावर बसली आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडली. यशू गेल्यापासून मी तिला रडताना पहिल्यांदाच पाहत होते. मी शेजारी बसले. डोळे पुसून ताई म्हणाली, "शुभा, मला ती पोरगी बघवणार नाही. पण तिची वाढ माझ्यासाठी थांबणार आहे का?"

कोमल आली ती भेदरून. ताईनं ठोकळे हातात घेतले, दोरा कात्रीनं कापला, नवी तार वाकवून बसवली, वरचा ठोकळा थोडा घासला. हात चालत होते. माझ्या खोलीचं दार उघडं होतं, त्यामुळं मला सगळं दिसत होतं. कोमलनं तोंड मिटून बघितलं, मग ठोकळे तोंडात असतानाच हळूच विचारलं, "मॅडम, यशूचं पुरं झालं असतं तर ती कशी दिसली असती?"

कोमलची आई घाईनं तिला गप्प करायला पुढं आली. ताईनं हातानं तिला थांबवलं.

"माहीत नाही गं बाळा," ती म्हणाली. "वाढ झाल्यावरच कळतं ते. आधी कुणालाच सांगता येत नाही."

मग तिनं कोमलच्या हातात पेपर दिला. "वाच."

त्यानंतर मुलं पुन्हा यायला लागली. पाटी तिनं पुन्हा बदलली नाही, तरी लोकांना कळलं. पूर्वीसारखं ओरडणं, चिडवणं राहिलं नाही. युनिफॉर्म आखूड झाला का, हा प्रश्न तिनं परत कधी विचारला नाही. मानेचा एक्स-रे बघायची आणि म्हणायची, चालेल. अल्ताफची दादी एकदा शेवया घेऊन आली. अल्ताफला आता मिशी फुटत होती आणि तोंड नीट मिटत होतं. दादीनं ताईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अल्ला सबर दे, बेटा." ताई मान खाली घालून उभी राहिली.

कोमलचं काम पुरं झालं त्या दिवशी तिच्या आईनं पेढे आणले होते. रीत अशी असायची, की पहिल्या दिवशीचा कडेनं काढलेला फोटो आणि शेवटच्या दिवशीचा शेजारी शेजारी ठेवून दाखवायचे. ताईनं संगणकावर दोन्ही लावले. आधीच्या फोटोतली मुलगी ओठ उघडे टाकून बावरलेली, नंतरची जवळजवळ बाईच वाटावी अशी. कोमलची आई बोटानं पडद्यावरून लेकीच्या हनुवटीची रेघ गिरवत राहिली. "मॅडम, आता हिला कुनी नावं ठेवायचं नाय," ती म्हणाली आणि वाकून पाया पडायला लागली. ताईनं तिला खांद्याला धरून उठवलं. एक पेढा कोमलच्या तोंडात घातला, एक स्वतःच्या.

त्या दोघी गेल्यावर मी ताईच्या खोलीत डोकावले. पडद्यावर आता यशूचा फोटो होता, पहिल्या दिवशीचा. शेजारची चौकट रिकामी. ताईनं माझ्याकडं बघितलं, संगणक बंद केला आणि पर्स उचलली.

मिलिंदनं नागपूरला बदली मागून घेतली. त्या घरात त्याला राहवत नव्हतं. ताईला राहायचं होतं, पण तिनं वाद घातला नाही. तिकडं तिनं दवाखाना काढला नाही, एका कॉलेजात शिकवायला लागली. आम्ही फोनवर बोलायचो. दुसऱ्याच वर्षी एका सकाळी मिलिंदचा फोन आला. ताई गेली. हृदय, झोपेतच. मी नागपूरला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यामुळं माझ्यासाठी ताईचं शेवटचं दर्शन म्हणजे ती शहर सोडून गेली त्याच्या आदल्या संध्याकाळचं.

दवाखान्यातलं तिचं सामान आम्ही दिवसभर बांधलं होतं. मी तिला स्कूटरवरून घरी सोडायला गेले. जालना रोडच्या नव्या पुलाखाली गाड्या खोळंबल्या होत्या, म्हणून आतल्या गल्ल्यांतून गेलो. ती मागं बसली होती, तिचा एक हात माझ्या खांद्यावर होता. इमारतीपाशी ती उतरली. "वर येतेस का?" म्हणाली. मी म्हटलं, येते. मग तीच म्हणाली, "नको. उशीर होईल तुला." माझ्या कानामागून सुटलेली बट तिनं नीट केली आणि आत गेली.

मी स्कूटर वळवून उभी राहिले. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. प्रत्येक मजल्याच्या वळणावर दिव्याचं बटण होतं, आणि वर जाणारा माणूस ते लावत जायचा. ताईचं घर चौथ्या मजल्यावर. पहिल्या वळणावरचा दिवा लागला, खिडकीतून दिसला. दुसऱ्याचा लागला. तिसऱ्या वळणावर यशूची सायकल होती, कठड्याला साखळीनं बांधलेली. नागपूरच्या ट्रकमध्ये ती न्यायची की नाही, यावरून ताईचं आणि मिलिंदचं ठरत नव्हतं, हे मला तिनं दुपारीच सांगितलं होतं.

तिसरा दिवा लागला नाही. गल्लीतली पोरं क्रिकेट आवरून घरी गेली. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. मी वर बघत राहिले. वर जावं असं दोनदा मनात आलं, आणि दोन्ही वेळा वाटलं की नको, ती तिथं एकटी नाही. मग अंधारात सायकलची घंटी वाजली. एकदाच, आणि अगदी हलकी.

त्यानंतर थोड्या वेळानं तिसरा दिवा लागला, मग चौथा. मी स्कूटर सुरू केली.